पहिल्या दिवसांची पत्रे

परदेशी शिकून आलेल्या माणसाचे चरित्र आपल्याकडे दोन वाक्यांत आटोपते. अमुक साली विलायतेस गेले, तमुक साली पदवी घेऊन मायदेशी परतले. या दोन वाक्यांच्या मधल्या काळात काय घडले, याची फारशी चौकशी कोणी करीत नाही. पहिली रात्र कुठे काढली, पहिला घास कसा गिळला, रस्ता कोणाला विचारला, घरी पहिले पत्र काय लिहिले, हे सारे किरकोळ म्हणून सोडून दिले जाते. आम्हीही इतकी वर्षे तेच करीत आलो.

डोळे उघडायला घरचेच निमित्त झाले. आमच्या कुटुंबातली एक मुलगी काही वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत शिकायला इंग्लंडला गेली. कोकणातल्या खेड्यात उर्दू शाळेत अलिफ-बे गिरवलेली, मग तालुक्याला मराठी माध्यमात, मग मुंबईत. पहिला आठवडाभर रोज रात्री तिचा फोन यायचा. घरातले वडीलधारे विचारायचे, कॉलेज कसे आहे, अभ्यास सुरू झाला का? ती सांगायची, इथे साडेचारला अंधार पडतो. इथे बाजूच्या खोलीतले माणूस दिवसभर दिसत नाही. दुकानात जाऊन मी काही न घेताच परत आले. आमचे प्रश्न आणि तिची उत्तरे यांचा मेळ बसत नव्हता. आम्ही तिला पदवीबद्दल विचारीत होतो आणि ती आम्हाला शहराबद्दल सांगत होती.

त्या दिवसांत आम्हाला अतिया फैझी यांची आठवण झाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याच देशात शिकायला गेलेल्या या मुंबईच्या मुसलमान स्त्रीने पहिल्या दिवसांची हकीकत घरी लिहून कळवली होती. ती छापलीही गेली. मराठी वाचकापर्यंत मात्र ती फारशी पोहोचली नाही.

अतियांकडे जाण्याआधी त्यांच्या खानदानाकडे पाहावे लागते. मुंबईच्या मुसलमानांत विलायती शिक्षणाची वाट पाडली ती तय्यबजींनी. मुल्ला तय्यबअली हे मूळच्या खंबायतच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातले व्यापारी. इंग्रजी शिकला तो दीनापासून गेला, असे मानणारे लोक आजूबाजूला असताना त्यांनी मुलांना समुद्रापार धाडले. थोरले कमरुद्दीन आधी गेले आणि तिकडे सॉलिसिटर झाले. त्यांच्या मागून १८६० मध्ये बदरुद्दीन लंडनला पोहोचले. त्यांचा जन्म १८४४ चा, म्हणजे मदरशातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आलेला हा मुलगा तेव्हा सोळाही पुरा नव्हता.

आज आपण विमानाने नऊ-दहा तासांत लंडनला उतरतो, म्हणून त्या प्रवासाची कल्पना येत नाही. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये. त्यामुळे मुंबईहून बोटीने सुएझ गाठायचे, तिथून इजिप्तमधून आगगाडीने अलेक्झांड्रियाला जायचे आणि पुन्हा दुसरी बोट धरायची. मुंबई-लंडन तारायंत्र सुरू झाले तेही १८६५ मध्ये. म्हणजे मुलगा सुखरूप पोहोचला की नाही, हे कळायला आईबापांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहायची आणि पत्र हाती आले तेव्हा ते जुने झालेले असायचे.

बदरुद्दीन १८६३ मध्ये मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. पण डोळ्यांनी दगा दिला. अभ्यास अर्धवट टाकून १८६४ मध्ये त्यांना मुंबईला परतावे लागले. चरित्रात ही ओळ पटकन वाचून आपण पुढे जातो, कारण पुढचे आपल्याला ठाऊक असते. ते १८६५ मध्ये पुन्हा गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले, मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले, १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. अर्धवट परतलेल्या मुलाला दुसरी संधी मिळाली, हे वाचकाने लक्षात ठेवावे. आम्हाला त्याकडे पुन्हा यायचे आहे.

बदरुद्दीन तय्यबजी ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्येच वारले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, सप्टेंबर १९०६ मध्ये, याच खानदानातली अतिया मुंबईहून लंडनला निघाली. ज्या शहरात घरातला वडील माणूस नुकताच अल्लाला प्यारा झाला, त्याच शहरात घरातली मुलगी शिकायला चालली होती.

अतियांचा जन्म १८७७ मध्ये इस्तंबूलचा. वडील हसनअली यांचा व्यापार तिकडे होता. जोहरा आणि नाझली या दोघी थोरल्या बहिणी. नाझली म्हणजे जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम. मुरूडच्या समुद्रकाठी ज्यांचे बालपण गेले त्यांना जंजिऱ्याच्या बेगमसाहेबा ऐकून माहीत असतात, पण त्यांची धाकटी बहीण शिक्षिका होण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेस गेली होती, हे आमच्या गावात कोणी सांगितल्याचे आठवत नाही. निघाल्या तेव्हा अतिया एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि अविवाहित होत्या. १९०६ सालच्या मुसलमान समाजात या दोन गोष्टी एकत्र असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. या वयाच्या अविवाहित मुलीबद्दल लोक काय बोलतात, ते आजही आपण ऐकतोच.

त्यांचे कॉलेज होते मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज. १८७८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना माध्यमिक शाळांत शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण देणाऱ्या इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी. लंडनच्या वायव्येला ब्राँडसबरी भागात ती भरत असे. ॲलिस वुड्स या तिच्या प्राचार्या होत्या. शिकवणे हे एक शास्त्र आहे आणि ते बाईमाणसाने शिकून घ्यायचे असते, ही कल्पनाच आपल्याकडे तेव्हा नवी होती. मुलींना कुराणशरीफ वाचायला शिकवणाऱ्या उस्तानीबी होत्या, पण त्यांना कोणी प्रमाणपत्र मागत नव्हते आणि पगारही देत नव्हते.

आता त्या शहराचे आकारमान पाहू. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती, तर लंडन परगण्याची पंचेचाळीस लाखांहून अधिक. अतिया पोहोचल्या त्याच वर्षी, मार्च १९०६ मध्ये, लंडनच्या जमिनीखालून बेकरलू नावाची नवी विजेची रेल्वे धावू लागली होती. रस्त्यावर घोड्यांच्या गाड्या आणि मोटारबसेस यांची एकच गर्दी. घराघरांतून कोळशाचा धूर. ऑक्टोबर संपला की धुके उतरायचे आणि नोव्हेंबरच्या मध्याला सव्वाचारच्या आतच सूर्य मावळायचा. आमची मुलगी फोनवर सांगायची तो अंधार हाच.

आणि याच अंधारात रमजान आला. हिजरी १३२४ चा रमजान १९ ऑक्टोबर १९०६ च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे घर सोडून दोन महिनेही झाले नव्हते, तोच पहिला रमजान आणि नोव्हेंबरात पहिली ईद परक्या शहरात. लंडनमध्ये तेव्हा बांधीव मशीद नव्हती. जवळची म्हणजे वोकिंगची शाहजहान मशीद, १८८९ मध्ये बांधलेली, आणि ती तर शहराबाहेर दूर. मुंबईत अजानच्या आवाजावर दिवस मोजणाऱ्या माणसाला तिथे वेळ घड्याळावरून आणि दिवस कॅलेंडरवरून मोजावा लागे. ज्यांनी घराबाहेर, वसतिगृहात किंवा आखातातल्या लेबर कॅम्पात पहिली ईद काढली आहे, त्यांना हे वाक्य वाचताना काय वाटेल ते आम्ही जाणतो. ईदच्या सकाळी घरात शीरखुर्म्याचा वास नसणे म्हणजे काय, हे पदवीच्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते.

अतिया अगदीच एकट्या होत्या असे मात्र नव्हे, आणि ते सांगितले नाही तर इतिहासाशी बेइमानी होईल. हिंदी विद्यार्थ्यांना मदत करणारी नॅशनल इंडियन असोसिएशन ही संस्था १८७० पासून काम करीत होती. तिच्या मिस बेक, म्हणजे अलीगढ कॉलेजचे प्राचार्य थिओडोर बेक यांची बहीण, नवख्या विद्यार्थ्यांची विचारपूस करीत. लंडनमध्ये सय्यद अमीर अलींसारखी माणसे होती. मुंबईच्या बड्या पारशी घरांचे येणेजाणे होते. तय्यबजी आणि जंजिरा ही दोन नावे पाठीशी असलेल्या मुलीला दारे उघडली जात.

ज्यांच्यासाठी दारे उघडली जात नव्हती, तीही आपलीच माणसे होती. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणाऱ्या खलाशांत रत्नागिरीपासून गुजरातपर्यंतच्या किनाऱ्यावरचे मुसलमान मोठ्या संख्येने असत. आमच्या गावात आजही जुन्या घरांच्या पेट्यांत अशा पणजोबांचे कागद सापडतात. तेही लंडनच्या गोदीत उतरले. त्यांच्यासारख्यांसाठी लाइमहाऊस भागात १८५७ पासून ‘स्ट्रेंजर्स होम’ नावाचे वसतिगृह होते. परक्यांचे घर! थंडीत कुडकुडत ते तिथे पडून राहत आणि परतीच्या बोटीची वाट पाहत. त्यांचेही त्या शहरातले पहिले दिवस होते. पण लिहिता न येणाऱ्याचे पहिले दिवस बहुधा त्याच्याबरोबरच दफन होतात. अतियांची पत्रे वाचताना ही दुसरी, न लिहिलेली पत्रे आमच्या नजरेसमोरून हलत नाहीत.

मग अतियांनी लिहिले का? याचे उत्तर पुन्हा त्यांच्या खानदानात सापडते. तय्यबजींच्या घरांत ‘अखबार की किताब’ ठेवण्याचा रिवाज होता. घरात एक मोठी वही असायची आणि तिच्यात बायका, पुरुष, मुले, पाहुणे, कोणीही काहीही लिहायचे. कोण आजारी पडले, कोण कुठे गेले, काय वाचले, काय पटले नाही. बायकांनी रोजचे जगणे लिहून ठेवावे यात त्यांना काही नवल वाटत नसे. ज्या घरात मुलीचे लिहिणे सगळे वाचतात, त्या घरातली मुलगी लंडनला गेली की लिहिणारच.

अतिया घरी बहिणीला लिहीत. जोहरा त्या मजकुरावर हात फिरवून तो लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवाँ’ या स्त्रियांच्या उर्दू पत्राकडे पाठवीत. सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी १८९८ मध्ये सुरू केलेले हे पत्र उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमान घरांत पडद्याआड जाई. लंडनहून टपाल मुंबईला यायला साधारण दोन आठवडे लागत. म्हणजे अतियांनी काही विचारले तर उत्तर यायला महिना. पण इकडे लाहोरकडच्या एखाद्या घरात, ज्या बाईने स्टेशनही पाहिले नव्हते, ती मुंबईच्या एका मुलीबरोबर एडन ओलांडत होती, सुएझच्या कालव्यातून जात होती, लंडनच्या बागा आणि संग्रहालये पाहत होती, बायकांच्या कॉलेजात बसत होती. हीच पत्रे पुढे १९२१ मध्ये आग्र्याहून ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे शिक्षणाचा काळ, या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांचा इंग्रजी अनुवाद यायला २०१० साल उजाडले.

या पत्रांचे मोल कशात आहे ते एका तुलनेने कळेल. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला उतरले तेव्हा त्यांनी पांढरे फ्लॅनेलचे कपडे घातले होते आणि तसे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत हे पाहून ते ओशाळले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण ती त्यांनी आत्मकथेत सांगितली साडेतीन-चार दशकांनंतर. तोवर मोहनदास महात्मा झाला होता आणि स्वतःच्या ओशाळेपणावर हसू शकत होता. अतियांनी लिहिले ते त्याच दिवसांत. पुढे काय होणार, हे लिहिणारीला ठाऊक नव्हते. म्हणून त्यांच्या लिखाणात विलायतेतल्या शिस्तीचे, टापटिपीचे, बायकांच्या मोकळ्या वावराचे कौतुक आहे. कधी ते जरा जास्तच वाटते. राज्यकर्त्यांच्या देशातली प्रत्येक गोष्ट चांगली दिसण्याचा तो काळ होता आणि त्या काळातून अतियाही सुटल्या नाहीत. पण ते जसे वाटले तसे लिहिलेले आहे. इतिहासाला एवढे पुरे असते.

मराठी वाचकाला या संदर्भात आनंदीबाई जोशी आठवतील. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाईंचा फिलाडेल्फियातला अभ्यास, तिथली थंडी, साडी नेसण्याची बदललेली पद्धत, प्रकृतीची हेळसांड, हे सारे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. ते योग्यच झाले. पण त्याच मुंबई इलाख्यातून, अवघ्या तेवीस वर्षांनी निघालेली अतिया मराठीला परकी राहिली. त्यांनी उर्दूत लिहिले हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आम्ही स्वतः आहोत. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा ज्यांच्या घरात नांदतात, त्या आम्ही मराठी मुसलमानांनी हे लिखाण या घरातून त्या घरात आणायला हवे होते. आम्ही आणले नाही.

आता पदवीचा प्रश्न. अतियांनी अभ्यासक्रम पुरा केला नाही. १९०७ मध्ये, जेमतेम वर्षभरात, त्या प्रमाणपत्र न घेताच परतल्या. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, बहीण आणि मेहुणे यांच्याबरोबर त्यांनी युरोपचा प्रवास केला, पण तो प्रवास होता. कॉलेजच्या वर्गात त्या पुन्हा गेल्या नाहीत. इथे आम्हाला बदरुद्दीन आठवतात. तेही अर्धवट परतले होते. पण ते वीस वर्षांचे तरुण होते आणि पुन्हा बोटीत बसले. त्यांच्या चरित्रात खंड पडलेली ती वर्षे एक अडथळा म्हणून येतात. अतियांच्या चरित्रात तेच अपयश म्हणून येते. यात फरक बुद्धीचा नव्हता. मुलाच्या शिक्षणात खंड पडला तर आपण म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. मुलीच्या शिक्षणात खंड पडला तर म्हणतो, झाले तेवढे पुष्कळ. हे वाक्य तय्यबजींच्या दिवाणखान्यात कोणी उच्चारले, असा आमचा आरोप नाही. आम्ही ते आमच्याच ओसरीवर ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर कधी उच्चारलेही आहे.

पुढे इतिहासाने अतियांना लक्षात ठेवले ते दोन थोर पुरुषांमुळे. एक मौलाना शिबली नोमानी, दुसरे इक्बाल. एप्रिल १९०७ मध्ये मिस बेक यांच्याकडे इक्बाल आणि अतिया यांची गाठ पडली, त्याच वर्षी उन्हाळ्यात जर्मनीत पुन्हा भेट झाली. १९४७ मध्ये अतियांनी इक्बालांवर पुस्तकही लिहिले. तेव्हापासून अतियांचे नाव निघाले की चर्चा वळते ती या ओळखीकडे. कबूल करायला हरकत नाही, आम्हीही त्यांची रोजनिशी प्रथम उघडली ती इक्बाल शोधायलाच. तिथे इक्बाल थोडेच सापडले. सापडली ती एक विद्यार्थिनी. अतियांनी पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या बेने इस्रायल समाजातले चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी विवाह केला, हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, १९४८ मध्ये कराची गाठली आणि तिथेच हलाखीत १९६७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. एवढे आयुष्य जगलेल्या बाईची ओळख कोणा कवीची परिचित म्हणून सांगितली जावी, हा तिच्यावर अन्यायच आहे.

प्रमाणपत्र मिळाले असते तर अतिया एखाद्या शाळेत शिक्षिका झाल्या असत्या आणि काही शेकडा मुली त्यांच्या हाताखालून गेल्या असत्या. ते मोलाचेच काम झाले असते. पण त्यांची पत्रे वाचून किती घरांत किती बायकांनी आपल्या मुलीकडे वेगळ्या नजरेने पाहिले असेल, याचा हिशेब कोणत्याही कॉलेजच्या दप्तरात नाही. अतियांनी शिकवले, फक्त वर्ग दूर होता आणि विद्यार्थिनींनी बाईंना कधी पाहिले नव्हते.

आज कोकणातून, मराठवाड्यातून, भिवंडी-मालेगावातून आपल्या मुली शिकायला बाहेर पडत आहेत. कोणी पुण्याला, कोणी परदेशी. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या मागे तय्यबजींचे नाव नाही, जंजिऱ्याचा वाडा नाही. पणजोबा खलाशी, आजोबा मुंबईत गोदी कामगार, बाप आखातात, अशा घरांतल्या त्या आहेत. परक्यांच्या घरात राहिलेल्या त्या खलाशाची पणती आज त्याच शहरात वर्गात बसते आहे आणि तिला लिहिता येते. तिच्या आजोबा-पणजोबांनी जे सांगितले नाही, ते ती सांगू शकते. आम्ही ऐकायला तयार असलो पाहिजे.

आमच्या घरातली ती मुलगी पहिल्या सहामाहीत एका विषयात नापास झाली होती. घरात बोलणी झाली. परत बोलावून घ्यावे, असे सुचवणारेही निघाले. त्या रात्री आम्ही तिला फोनवर निकालाबद्दल काही विचारले नाही. त्या दुकानात पुन्हा गेलीस का, एवढेच विचारले. ती म्हणाली, गेले होते, आता तिथली बाई मला नावाने ओळखते. मग ती अर्धा तास बोलत राहिली. आम्ही तिला सांगितले की हे सगळे लिहून ठेव, उर्दूत, मराठीत, कसेही, आणि घरी पाठव. एक कोरी वही आम्ही कपाटात काढून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर तिचे पहिले पत्र आम्ही उतरवून घेतले आहे.